मस्टर्डची ओल

प्रिय नोरीन,

हे पत्र तुझ्या वकिलाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. गुरुवारी टेसाने कुणाकडे राहायचं ते कोर्टात ठरेल, आणि तिने आधीच जाहीर केलंय, "मस्टर्ड जिथे, मी तिथे." तेरा वर्षांची पोर, पण हट्ट अगदी तुझ्यावर गेलाय. तू मस्टर्डसारख्या अजगराला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी तिला तो आणून दिला. प्राण्यांचं प्रेम वगैरे काही नाही, मला जिंकायचं होतं.

पण हात घातला की मला अर्धवट काम जमत नाही, तू जाणतेसच. तळघरातल्या तिच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला लागून काचेची मोठी पेटी बसवली. आत आडव्या काठ्या, तळाला शेवाळ, वरच्या जाळीवर अर्धं प्लास्टिक, आणि रोज संध्याकाळी फवारा. झाडावरचा हा अजगर वाटीला फारसं तोंड लावत नाही, स्वतःच्या वेटोळ्यांवरचे थेंब पितो. हवा कोरडी पडली की कात अंगालाच चिकटून बसते. आणि आपल्या ब्रँडन शहरातला हिवाळा म्हणजे बाहेर उणे तीस, आत हीटर चालू, ओठ फुटेस्तोवर कोरडं. ओलाव्याचा काटा काही वर सरकेना. ज्याच्याकडून अजगर घेतला त्या गसने बजावलं होतं, "संध्याकाळी भिजव, दुपारपर्यंत सुकू दे. दलदल करू नकोस." मी कुणाचं ऐकतोय? खोलीत ज्या जाळीतून हीटरची गरम हवा येते ती चिकटपट्टीने बंद केली आणि पेटीशेजारी वाफेचं यंत्र लावलं. पेटीपायी अख्खी खोली दमट करून टाकली.

मस्टर्डला ते मानवलं. नाव ठेवलं तेव्हा पिवळाधमक होता, आता हिरवागार झालाय, पण टेसा नाव बदलायला तयार नाही. परवा शेपटीच्या टोकापर्यंत अखंड कात टाकली. तिने ती पट्टी लावून मोजली आणि म्हणाली, "बाबा, जमलं की रे तुला." नोरीन, ते ऐकायला मी काहीही केलं असतं.

केलंही. नाताळाआधी पेटी पुढे ओढली तर मागची भिंत काळी पडलेली. वीस वर्षं लोकांच्या भिंती उभारतोय मी, बुरशी किती आत गेलीय ते मला वासावरून कळतं. दुसऱ्याच्या घरी म्हणालो असतो, पोरांना आजच इथून हलवा. इथे मात्र पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले आणि पेटी परत मागे ढकलली, कारण कोर्टाची बाई घर बघायला येणार होती. ती आली, मस्टर्डवर खूश झाली. "पोरीसाठी किती मनापासून केलंय हो तुम्ही," म्हणाली. टेसा तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून खोकत होती.

हो, तिचा दमा परत आलाय. आज सकाळी शाळेला निघताना चौथ्या पायरीवर बसली. दोनदा पंप घेतला, जरा सावरली, आणि पहिलं वाक्य काय, तर "आईला सांगू नकोस हं." मला माझीच लाज वाटली.

रविवारी तू रडत म्हणालीस की पोर फोनवर मध्येच गप्प होते, मी तिचे कान भरतो. मी कान भरले नाहीत. खोकला आला की फोन म्यूट कर आणि थांबला की आवाज चालू कर, हे मी तिला शिकवलं. आईला कळलं तर मस्टर्ड जाईल, असं सांगून. ती तुझ्यावर रुसलेली नाही, नोरीन. तू हॅलो हॅलो करत असतेस तेव्हा ती खोकत असते. हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून आत्ताच पत्र तुझ्या दारात टाकतोय. तिला शाळेतून परस्पर डॉक्टरकडे ने, आणि इकडे पाठवू नकोस. मस्टर्डला मी गसकडे परत देतोय. ती विचारेल तेव्हा सांग, बापाने घालवला.

टेसाचा बाप, आणि एके काळी तुझा नवरा,
डॅरिल