न्हावरेकरांकडून जिंकलेली ढाल

शिरूर, ता. २ फेब्रुवारी १९६०

प्रिय दानिएलदादा यांस,

धाकटा चुलतभाऊ सत्यवान याचा प्रभूमध्ये सलाम पोचावा. वहिनींच्या गुडघ्याला उतार असेल अशी आशा आहे. दौंडच्या इंजिनांचा धूर तुमच्या छातीला सोसतो की नाही, हे तुम्ही वर्षभर कळवलं नाही (मीही विचारलं नाही, हेही खरंच). माझी प्रकृती उत्तम. एक दाढ कमी झाली आहे, ते पुढं येईलच.

नाताळातला हुतूतूचा सामना यंदाही न्हावरेकरांशीच झाला. चर्चच्या मंडळीतली पोरं नोकऱ्यांपायी पांगलेली, सातवा गडी मिळेना. म्हणून पाळकसाहेबांनी या पंचेचाळिशीच्या मास्तराला चड्डी घालून उभं केलं. (हेलन असती तर तिनं ती चड्डी चुलीत घातली असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता मला कुणी अडवत नाही, ही मोठीच गैरसोय आहे.) न्हावरेकरांनी आमचे सहा गडी बाद केले आणि मला एकट्याला शिल्लक ठेवलं. मी चपळ म्हणून नव्हे, हा कधीही सापडेल म्हणून. आम्ही एका गुणानं पुढं, वेळ संपत आलेली. मी बाद झालो की ढाल त्यांची. त्यांचा भिमाजी दम धरून आला, त्याची बोटं माझ्या कमरेला चाटून गेली आणि तो रेषेपार पळाला. पंच सोपानराव नेमके डोळ्यातली धूळ काढत होते. भिमाजी म्हणे लागला, आमची पोरं म्हणत नाही लागला. शेवटी सोपानरावांनी सगळ्यांना गप्प करून मलाच विचारलं, “मास्तर, गेल्या साली कुणी बघितलं नव्हतं तरी तुमच्या दादानं आपणहून सांगितलं, हात लागला म्हणून. तुमी ख्रिस्ती माणसं खोटं बोलत न्हाई. तुमीच सांगा.”

मी म्हणालो, “न्हाई लागला.”

भिमाजी लगेच म्हणाला, मास्तर म्हणत्यात म्हंजी मलाच भास झाला आसंल. दादा, त्यानं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गेल्या साली तुमच्या खरेपणापायी आपण हरलो, तेव्हा मी तुम्हाला सगळ्यांदेखत ढोंगी म्हणालो होतो. मग तुम्ही दौंडला गेलात (नोकरीसाठी, असं मी लोकांना सांगतो). तुम्ही इथं कमावून ठेवलेला विश्वास मी एका शब्दात उडवला.

ढाल आता चर्चमध्ये व्यासपीठाशेजारी टांगली आहे. नियमाप्रमाणे लढल्यावाचून मुगूट मिळत नाही, या पौलाच्या वचनावर पाळकसाहेब सव्वा तास बोलले आणि तेवढ्यात तीनदा माझ्याकडं बोट दाखवलं. जानेवारीच्या प्रभुभोजनाला खोटं बोललेल्या तोंडात ती भाकर घालायची माझी छाती होईना, म्हणून दाढ दुखते असं सांगितलं. झालं! शेजारच्या साळूबाईनं लवंग कोंबली. लवंगेनं भागेना म्हटल्यावर येशुदास कंपाउंडर चिमटा घेऊनच आला आणि दोघांनी मला धरलं. दाढ धडधाकट होती. माझी आरोळी ऐकून पाळकसाहेब म्हणाले, बघा, बिचाऱ्यानं किती दिवस सोसलं.

तेव्हापासून मंडळीतली माणसं आळीपाळीनं मऊ भात आणून देतात. दारात इतकी वर्दळ, तरी मला करमत नाही. ज्याच्याशी खरं बोलावं असं एकच माणूस होतं, ते मी घालवलं. बाकी सर्व कुशल आहे.

तुमचा,
सत्यवान

ता. क. येत्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन आहे. त्याआधी शनिवारी ढाल घेऊन न्हावऱ्याला जायचं आणि भिमाजीला खरं सांगायचं ठरवलं आहे. एकट्याचे पाय निघत नाहीत. तुम्ही शुक्रवारच्या एसटीनं याल का? पत्राचं कारण एवढंच. ढोंगी म्हणालो त्याची माफी वर मागायची राहिली, ती इथं मागतो.

दुसरा ता. क. हे पत्र आठ दिवस कोटाच्या खिशातच राहिलं, पेटीत टाकायचा धीर झाला नाही. शनिवारी एकटाच जाऊन आलो. भिमाजीनं ढाल ठेवून घेतली, चहा पाजला आणि म्हणाला, मला तवाच ठावं व्हतं, मास्तर, पण तुमच्या दादाच्या खरेपणाकडं बघून गप बसलो. रविवारी भाकर घेतली. तेव्हा आता तुमचं इथं काही काम राहिलेलं नाही. तरी या.