दाजींचा मान

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
शुक्रवार पेठ, सोलापूर
१० फेब्रुवारी १९७४

ती. अक्कास,
सिद्धारामचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली शेंगाचटणी पोचली आणि तुझ्या भावजयीने ती माझ्यापासून लपवूनही ठेवली. बाकी सर्व क्षेम.

दाजींनी सांगितलंच असेल, गिरणीच्या छतावर हवा गार ठेवणारी तीन यंत्रं चढवायची आहेत. एकेक यंत्र म्हणजे हत्तीचं धूड. मुंबईहून क्रेन आली आहे. क्रेनवाला खाली बसतो, त्याला छतावरची जागा दिसत नाही. म्हणून कठड्याशी उभं राहून हाताने खुणा करायचं काम माझ्याकडे आहे, आणि दाजी माझ्याच टोळीत आलेत. वजन लटकत असेतोवर कोणी जवळ जायचं नाही, लांबून दोराने वळवायचं, असा नियम आहे. दाजींना तो पटत नाही. त्यांनी जन्मभर ओझी खांद्याने रेटली. काल क्रेनला नुसतं लोखंड लटकवून तालीम केली. दाजी त्याला हात लावायला निघाले, तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडलो, की दाजी, मरायचं हाय का, व्हा मागं. मागे सरले, पण तेव्हापासून बोलत नाहीत. अपमान करायचा नव्हता गं, मला लई भीती वाटली. तू समजाव.

आहे तशी माया राहू दे.
तुझा सिद्धाराम

मैंदर्गी
१८ फेब्रुवारी १९७४

चि. सिद्धारामास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हे रविवारी घरी आले ते घुश्शातच. बसप्पाने काय झालं विचारलं, तर म्हणाले, तुजा मामा आता सायब झालाय की. बापाचं पडलेलं तोंड बघून एवढा एकोणीस वर्षांचा पोरगा पण ताटावरून उठला.

तुला यंत्रातलं कळतं, मला नाही. पण आपल्या अप्पांनी ज्यांचे पाय धुतले, त्यांच्यावर तू टोळीसमोर खेकसावंस? जावई दहावा ग्रह, असं अप्पाही म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. नियम सांग, पण गोडीने सांग. पुन्हा चारचौघांत ओरडलास तर तुला माझी शपथ आहे.

चटणीचा दुसरा डबा पाठवते, तो तू लपव.
तुझी अक्का

सोलापूर
१२ मार्च १९७४

ती. अक्कास,
नमस्कार.

दाजींना माती दिल्यावर तू इथे होतीस, पण काही विचारलं नाहीस आणि मला सांगता आलं नाही. आता सांगतो.

पहिलं यंत्र छतावर आलं, कमरेएवढं अधांतरी होतं. वाऱ्याने ते जरा फिरलं. दाजींनी दोर सोडला आणि खांदा लावायला यंत्र आणि कठडा यांच्या मधे शिरले. मी मूठ वर करून क्रेन थांबवली. पण लटकणारं वजन थोडंच थांबतं? तेव्हा मी बोंब ठोकायला हवी होती. मला तुझी शपथ आठवली. मी हळू म्हणालो, दाजी, जरा हिकडं येता का. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. मान ठेवला म्हणून बरं वाटलं असावं. आलो की, म्हणाले. तेवढ्यात यंत्र कठड्याला टेकलं.

गिरणी बसप्पाला त्यांच्या जागी घ्यायला तयार आहे. दोन यंत्रं अजून चढायची आहेत. तू नको म्हणालीस तर मी साहेबांना तसं कळवतो. खुणेचं काम मी सोडतो आहे.

माया मागायला तोंड नाही.
सिद्धाराम

मैंदर्गी
१९ मार्च १९७४

चि. सिद्धारामास,
आशीर्वाद.

माझं कुंकू माझ्याच शपथेने गेलं. तुझं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या. आता दोन्ही संपल्या.

बसप्पा सोमवारच्या एसटीने येतो आहे. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. खुणेचं काम तू सोडायचं नाहीस. तिथे दुसरा कोणी उभा राहिला तर त्याला माझ्या पोरासाठी भीती कशाला वाटेल?

पोराचा स्वभाव बापाचाच आहे, डोक्याआधी हात पुढे जातो. मामा म्हणून गोंजारू नकोस. चुकला की सगळ्या गिरणीला ऐकू जाईल असा ओरड, आईवरून शिव्या दे, मुस्काटात दे. तो रुसेल, तुझी कागाळी घेऊन माझ्याकडे येईल. येऊ दे. दर रविवारी येऊ दे. मी ऐकत बसेन.

तुझी अक्का