कांडला ते नाशिक, एक तास

३ फेब्रुवारी
आणि वर मलाच अक्कल शिकवतो नाम्या! थोरला भाऊ झाला म्हणून काय झालं. आज परत फोन. "एका तासाचं काम हाय रं. मोबाइलवर बघितलं मी. कांडला ते नाशिक, पाचशे किलोमीटर, एक तास. नि तू विमानतळावरच कामाला. सकाळी नाशिकला ये, बहिणीचं, जागृतीचं लग्न लाव, जेव, संध्याकाळी जा."
मी म्हटलं, इथनं नाशिकला विमानच जात नाय.
"मग टाइम कसा दाखवतंय?"
कुठलेपण दोन विमानतळ टाका, ते टाइम सांगतंय. विमान असो नसो. तीनदा सांगितलं. डोक्यात शिरत नाय.

५ फेब्रुवारी
मी विमानात बॅगा चढवतो. आत एकदापण बसलो नाय. पण नाम्यानं गावाकडं, पळसदरीभर सांगून ठेवलंय, आमच्या पव्याला विमान फुकट. स्टेशनावरचे रिक्षावाले विचारतात म्हणे, पायलट कधी येतोय.

९ फेब्रुवारी
ठेकेदार एकच दिवस सोडतो म्हणाला. जास्त राहिलास तर परत येऊ नको. रेल्वेनं नुसतं जायलाच दिवस जातो. मुंबईचं विमान हाय, त्याचा दर परत विचारला. ऐकून परत बॅगांकडं गेलो.
नाम्याला कळवलं. "बहिणीपरीस बॅगा मोठ्या झाल्या तुला." मी म्हटलं, एक पैसा पाठवणार नाय, जा.

१४ फेब्रुवारी
जागृतीचा फोन. रडत नव्हती, तेच वाईट.
"पव्या, नवऱ्याचा कान धाकट्या भावानंच पिळायचा असतो. तू नाय आलास तर हर्षद फुकटात सुटंल."
म्हटलं, नाम्या हाय की. दुसऱ्याचे कान पिळायची सवयच हाय त्याला.
ती हसली नाय.

२२ फेब्रुवारी
लग्न लागलं असेल. बॅगा भरल्या.

२३ फेब्रुवारी
जागृतीचा फोन, नाशिकहून, सासरहून. भटजींनी कान पिळायला भावाला बोलावलं तर नाम्या जागचा हलला नाय. मामा उठले, तर त्यांचा हात धरून खाली बसवलं. सगळ्या मांडवासमोर म्हणाला, "धाकट्याचं विमान रद्द झालं. नायतर एका तासात आला असता. कान त्याचाच हाय, त्याच्यासाठी ठेवा."
हर्षदची आई फुगली. हर्षद म्हणाला, ठेवला.
विमानच नाय हे नाम्याला ठाऊक होतं की. मग माझ्यासमोर कशाला भांडत होता?
खोटारडा.

२४ फेब्रुवारी
मुंबईच्या तिकिटाला दिवाळीपासून पैसे बाजूला टाकत होतो. अर्ध्यालाच पुरले. मांडव परतायला जागृती नि हर्षद माहेरी, पळसदरीला येतील, त्यांच्या कपड्यांना होतील. कशातले ते दादाला सांगणार नाय. पाठवतोय – चार हजार तीनशे.