दवाखान्यापुढचा लाल ठिपका

सोमवार, ३ मार्च

सही करणार नाही! दादाने सकाळी टेबलावर कागद आपटला — नवं सॉफ्टवेअर चौदा दिवस वापरून बघ आणि खाली सही कर. म्हणजे निकाल आधीच लागलाय, मी फक्त परीक्षेला बसायचं.

आम्ही अडतीस लहान कार्यालयांचे कॉम्प्युटर सांभाळतो. व्हायरस, फसवे मेल, पासवर्ड, बॅकअप — प्रत्येकाला वेगळं सॉफ्टवेअर, आणि ही सगळी मोट नऊ वर्षांत मी बांधली. आता म्हणे ते सगळं मोडायचं आणि एकाच कंपनीचं, एकाच पडद्यावर घ्यायचं. दादा म्हणाला, "गिऱ्हाइकं तुझ्या शब्दावर चालतात गं, माझ्या नाही. म्हणून तुझी सही हवी." मोठा भाऊ आहे, मालक आहे, म्हणून काय झालं? शब्द माझा आहे ना!

बुधवार, ५ मार्च

विकणारा आला. पाच मिनिटांत नाव ठेवलं — गोडबोल्या. "मॅडम, तुम्हाला आता काही बघायलाच नको. हिरवा ठिपका दिसला की निवांत!" मी विचारलं, या पडद्याचा एकच पासवर्ड, तो कुणी चोरला तर अडतीसही कार्यालयांची दारं उघडतील, त्याचं काय? "छान प्रश्न आहे मॅडम," म्हणाला आणि पुढचं चित्र लावलं. तीनदा विचारलं. तीनदा छान प्रश्न! दादा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. बघू दे.

गुरुवार, ६ मार्च

मुद्दाम बनवलेले वीस फसवे मेल सोडले. नव्या सॉफ्टवेअरने एकोणीस पकडले, आमच्या जुन्याने चौदा. लिहिलं तसंच. चांगल्याला चांगलं म्हणायला मला कुणाची भीती नाही.

सोमवार, १० मार्च

नव्या पडद्याने आमचे जुने बॅकअप तपासले. सदतीस हिरवे, एक लाल. आणि लाल कुठे, तर दातांच्या दवाखान्यापुढे — "बॅकअप अपूर्ण"! वाचून डोक्यात तिडीक गेली.

दर सोमवारी मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बॅकअपमधून एक फाइल परत काढते आणि स्वतःच्या डोळ्यांनी उघडून बघते. ठिपक्याबिपक्यावर विसंबत नाही. नऊ वर्षांत एक सोमवार चुकला नाही. एकदा ताप होता तेव्हा घरून केलं, आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि मला शिव्या घालत होती. आजही दवाखान्याची फाइल काढली — अपॉइंटमेंटची यादी. लहान आहे, पटकन उघडते, म्हणून नेहमी तीच. उघडली की टकाटक! मग लाल कसला?

गोडबोल्याला फोन केला. "मॅडम, सिस्टिमला काहीतरी दिसत असेल." म्हणजे तिला दिसतं आणि मी आंधळी!

बुधवार, १२ मार्च

दादाशी बोलणं बंद. ऑफिसात चिठ्ठ्या, घरी आईमार्फत निरोप. आई जेवताना म्हणाली, "एवढीशी सही करायला काय जातंय तुझं?" माझं सगळंच जातंय, आई. पण हे तिला कसं सांगू?

गुरुवार, १३ मार्च

आज स्वतःच दादाच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, उद्या दवाखान्यात चल, गोडबोल्यालाही बोलाव. डॉक्टरीणबाई सांगतील त्या पेशंटचा एक्स-रे मी आपल्या जुन्या बॅकअपमधून काढून दाखवते. निघाला की हा ठिपका खोटारडा ठरला, मग तुझा कागद परत घ्यायचा.

"आणि नाही निघाला तर?" दादा म्हणाला.

मी हसले. चांगली मोठ्याने हसले!

शुक्रवार, १४ मार्च

नाही निघाला.

डॉक्टरीणबाईंनी एका आजोबांचं नाव सांगितलं. फोल्डरच नव्हता. गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक्स-रेचं नवं मशीन आलं, ते वेगळ्या डिस्कवर साठवतं, आणि ती डिस्क बॅकअपला जोडायची मी विसरले. चौदा महिने! दर सोमवारी ती एकच यादी उघडून खूश होत राहिले.

"म्हणजे हा कॉम्प्युटर आज बंद पडला असता तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दादा घाईघाईने म्हणाला, "तसं काही नाही डॉक्टर, थोडं तांत्रिक आहे..." त्याला थांबवलं. म्हटलं, "चौदा महिन्यांचे सगळे एक्स-रे गेले असते. चूक माझी आहे."

डिस्क जोडली. प्रत पूर्ण होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसून रिपोर्ट लिहिला. एका पासवर्डचं उत्तर मिळेपर्यंत हे घ्यायचं नाही — ते कलम ठेवलंच, गोडबोल्यासमोर ठेवलं. पण त्याच्याही वर, पहिल्या ओळीत लिहिलं: दवाखान्यापुढचा लाल ठिपका खरा होता.

त्या ओळीखाली सही केली.