मामंजींच्या गळ्यातली पिशवी

परभणी, बुधवार

ती. गौराअक्का,

धाकट्या त्रिवेणीचा शरणार्थ. तुझे गुडघे कसे आहेत? तेल रोज लावतेस की बाटलीकडे बघूनच बरं वाटतं? भाऊजींना नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांच्या हाती देऊ नकोस. फोनच केला असता, पण ते फोन स्पीकरवर ठेवतात आणि आपल्या घरचं अर्ध्या राणीसावरगावाला कळतं. म्हणून पत्र. उद्या शेजारची राजनंदिनी गावी यायलीय, तिच्याजवळ देते. आम्ही सगळे खुशाल आहोत. आज खुशाल आहोत असं म्हणते, कारण सोमवारी नव्हतो.

त्याचं असं झालं. मामंजींच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची जुनी पिशवी पार विरली होती. मला मोबाइलवर एक बाई दिसली, ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लोकर विणून इवल्या पिशव्या करत होती. ना माग, ना सुया, नुसता पुठ्ठा आणि दाभण. मिक्सरचा खोका माळ्यावर पडलेला होताच (मिक्सर गेला, खोका राहिला, आपल्या घरात हेच होतं). मी लगेच पुठ्ठा कापला. आता त्या बाईंनी सांगितलं होतं की खाचा फक्त वरच्या काठाला पाडायच्या आणि उभा धागा खालच्या काठाला वळसा घालून मागे न्यायचा, म्हणजे पिशवीचं बूड आपोआप बंद होतं. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी उठले, आणि परत येऊन हौसेनं दोन्ही काठांना खाचा पाडल्या. पुढचे धागे पुढे, मागचे मागे. दोन दिवस आडवा धागा गोल गोल फिरवत बसले. वीण अशी सुरेख आली म्हणून सांगू! पुठ्ठा ओढून काढला तर हातात पिशवी नव्हतीच, एखाद्या बाहुलीच्या झबल्याची बाही होती.

मग मी काय केलं, खालून एक धागा ओवला, ओढला, गाठ मारली आणि नंतर पक्कं शिवू म्हणून देवघराच्या फळीवर ठेवली. नंतर म्हणजे कधी, ते तुला माहीत आहे. लहानपणापासून माझं नंतर कधी आलेलं नाही. सोमवारी सकाळी मी अंघोळीला गेले असताना आमच्या ह्यांनी ती पिशवी उचलली आणि 'अप्पा, बघा कशी आणलो' म्हणून बापाला देऊन टाकली (विणली मी, आणलो हे). मामंजींनी पूजा केली, लिंग नव्या पिशवीत ठेवलं, गळ्यात घातली आणि दोन गल्ल्या सोडून माणिकरावांकडे गप्पा मारायला गेले.

दहाला जेवायला आले. पाटावर बसले आणि नेहमीप्रमाणे घास घेण्याआधी छातीवर हात नेला. पिशवी चपटी. अक्का, त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ताट सरकवलं आणि म्हणाले, "लिंग गावेस्तोवर पाणी बी घ्यायचं न्हाई."

ब्याऐंशी वर्षांचं वय, साखरेचा आजार, सकाळची गोळी पोटात, आणि पाणीसुद्धा नाही. मठातले महाराज कर्नाटकात गेलेले, म्हणजे दुसरं लिंग द्यायलाही कोणी नाही. मी मनातून हादरले. बाहेरून मात्र केरसुणी घेऊन अंगण झाडत सुटले. हे घंटागाडीच्या मागे वसमत रस्त्यापर्यंत पळाले आणि आमचाच केर ओळखून परत घेऊन आले. माणिकरावांनी बसायची सतरंजी झटकली, मग गादी उसवली, शेवटी म्हशीच्या गव्हाणीत हात घातला; त्यात त्यांची गेल्या वर्षी हरवलेली कानयंत्राची डबी सापडली आणि ते इतके खूश झाले की शोधायचं विसरून गेले. शेजारच्या सुलाबाई ओट्यावर बसून सांगायल्या की कावळ्यानंच नेलं असणार. घरात चूल थंड. आम्ही तरी कुठल्या तोंडानं जेवणार?

तीन वाजता मामंजींचे हात थरथरायला लागले. हे डॉक्टरला आणायला निघाले. मी मामंजींना म्हटलं, निदान जरा आडवे व्हा. ते उठले, धोतराची कंबर सैल केली, आणि कंबरेच्या गुंडाळीतून लिंग अलगद त्यांच्या तळहातावर आलं. पिशवीतून सुटून सदऱ्याच्या आतून घरंगळलं होतं, ते पोटाशीच अडकून बसलं होतं. सकाळपासून!

मामंजी रडले. मी रडले. हे दारातून परत फिरले आणि कशासाठी रडायचं ते न विचारता रडले. मामंजी म्हणाले, "तिरवेणी, अंगावरून हाललंच न्हाई बघ. वाढ आता." अक्का, त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तीन भाकरी खाल्ल्या, मी एका शब्दानं अडवलं नाही. तेव्हापासून जीव इतका हलका झालाय की सुलाबाईंचंसुद्धा बोलणं गोड लागतंय. मामंजींना आता खरी, बुडाची पिशवी विणून दिलीय. मी स्वतः तिच्यात आधी बटाटा घालून दोन तास टांगून ठेवला होता.

तब्येतीला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
त्रिवेणी

ता. क. : गेल्या रविवारी तुझ्या नातवंडांच्या लिंगधारणेसाठी मी ज्या पाच रंगीत पिशव्या पाठवल्या, त्याही त्याच पुठ्ठ्यावरच्या आहेत. पाचांचंही बूड एकेका धाग्यावर आहे. पाठवताना वाटलं, बूड कोण बघतंय. अक्का, हात जोडते, पत्र वाचल्याबरोबर सुई घे आणि मग दुसरं काम कर.

आणखी एक : इथं मी पिशवीचा धागा उंदरानं कुरतडला असं सांगितलंय. मामंजींना पटलं, ह्यांनी दोन पिंजरे आणलेत आणि रोज भजी लावून बसतात. तेव्हा पत्र फाडून टाक. आणि टाके दुहेरी घाल. तुझ्या घरात तीन मांजरी आहेत, तुला उंदराचं नाव सांगता येणार नाही.