पिंजऱ्यावरचा तक्ता

३ मे
आणून टाकल्या एकदाच्या. ढब्बी आणि टिल्ली – नातीच्या दोन गिनी पिग. मुलगा, सून, नात दहा दिवस फिरायला जाणार. पिंजरा माझ्या स्वयंपाकघरात. सोबत चार पानी सूचना! गवत किती, पाणी कधी, काकडी केवढी कापायची. एकतीस वर्षं वॉर्ड सांभाळला मी, चाळीस खाटांचा. आणि मला काकडी शिकवतात.

"जमेल ना आई?" मुलाने तीनदा विचारलं. त्यामागचं मला कळतं. मार्चमध्ये एकदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून एकच पालुपद – हे घर विकू, आमच्याकडे राहायला चल. मी हलणार नाही.

जाताना फळीवर छोटा कॅमेरा बसवून गेला. "छोटीला रोज बघायचंय ना दोघींना."

४ मे
सूचना खणात. पिंजऱ्याला माझा तक्ता टांगला, वॉर्डात खाटेला असायचा तसाच. वेळ, काय दिलं, किती खाल्लं, सही. जे झालं ते लिहायचं, लपवायचं नाही – शिकाऊ नर्सकडून हेच घोकून घ्यायचे मी. त्यांतल्या दोघीजणी तर ढसाढसा रडल्या होत्या माझ्यापुढे.

५ मे
फ्रिज उघडला की दोघी शिट्ट्या मारतात. लबाड आहेत.

७ मे
नातीचा फोन. "आजी, ढब्बी दिसतच नाही गं. तूच दिसतेस, ओट्यापाशी."

स्टुलावर चढून बघितलं. कॅमेऱ्याचं तोंड सरळ गॅसकडे. पिंजरा खाली, कोपऱ्यात.

अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरात माझ्यावरच पहारा! कॅमेरा फिरवला पिंजऱ्याकडे. पाच मिनिटांत मुलाचा फोन – "आई, कॅमेरा हलला का?"

"हलला नाही, मी हलवला. छोटीला दोघींना बघायचंय ना?"

मग म्हणाला, "काळजी वाटते गं." वाटू दे. पेशंट पिंजऱ्यात आहेत, दोघीही ठणठणीत. मी पेशंट नाही.

८ मे
फोन नाही. बरं झालं.

१० मे
स्वयंपाकाच्या काट्यावर वजन केलं. ढब्बी वीस ग्रॅमने वाढली. टिल्ली काट्यावर बसेना, मोठ्या वाडग्यात घालून बसवली. मुलगा आला की तक्ता त्याच्या हातात ठेवणार. वाच म्हणावं, नीट वाच, आणि घर विकायचं नाव पुन्हा काढू नकोस.

१२ मे
बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आतून शिट्ट्यांवर शिट्ट्या – दोघींची सकाळची काकडी राहिली होती. द्यायला गेले, तर ओट्यावर दुधाच्या पातेल्याचा कोळसा. खाली गॅस चालूच. मीच लावला असणार, घरात दुसरं कोण आहे? लावल्याचं आठवत नाही.

कॅमेरा पिंजऱ्याकडे. कुणाला काही दिसलं नाही.

तक्त्यावर लिहिलं – सात चाळीस, दूध जळालं, गॅस चालू राहिला. खाली सही केली. उद्या ते येताहेत.