दोन भोंगे

अंबड, नाशिक
९ मार्च २०२५

चि. अंजूस,

सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तरी आपण दोघी एकदमच बोलतो. पत्रात निदान एकीला गप्प बसावं लागतं.

आईच्या स्वयंपाकघराचं रंगकाम काढलंय. मी पिस्ता रंग सांगितला होता. नवनाथ पेंटरने दोन हात मारून झाल्यावर तुझे दाजी आत आले आणि म्हणाले, इथे आता नाडी कोण तपासणार? गेले चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतेय. भांड्यांची मांडणी खाली उतरवली तेव्हा मागून आईची हरवलेली किसणी निघाली. बारा वर्षं ती शेजारणीवर संशय घेत होती. शेजारणीला बोलावून दाखवली, बिचारी हसली आणि मग रडली.

ओट्यावरची भिंत मी मोकळी ठेवलीय. तिथे आईच्या हातचं काहीतरी फ्रेम करून लावायचंय. साक्षरता वर्गात शिकून तिने आयुष्यात लिहिलं ते एवढंसं, आणि त्यातला सगळ्यात मोठा कागद तुझ्याकडे आहे. तुझ्या लग्नात तिने दिलेली गव्हाच्या खिरीची कृती. तो पाठवशील का?

आणि २० एप्रिलला, रविवारी, आईचं वर्षाचं पुण्यस्मरण आहे. भन्तेजी सकाळीच येतील. तू यायलाच हवंस. मागच्या वर्षीचं मनात धरून बसू नकोस. प्रफुल्लरावांना जयभीम, साक्षीला गोड पापा.

लोभ आहेच, तो कमी आचेवर का होईना, पण चालू राहू दे.

तुझी,
उज्वलाताई

*

सटाणा
१७ मार्च २०२५

ती. ताईस,

सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. पिस्ता रंगाबद्दल मी दाजींच्या बाजूने आहे, पण हे त्यांना सांगू नकोस.

मीही घरात उद्योग काढलाय. आईच्या जुन्या लुगड्यांचे काठ उसवून दाराला तोरण शिवतेय. शाळेतून आल्यावर रोज वीतभर होतं. हिरवा काठ विरलाय, त्याला मागून अस्तर लावलं. झालं की पार्सलने पाठवीन, पुण्यस्मरणाच्या दिवशी तुझ्या दाराला लाव.

पार्सलनेच पाठवीन, कारण मी येणार नाही. मनात धरू नकोस असं लिहायला तुला एक ओळ पुरली. मला वर्ष पुरलं नाही. आई अंथरुणाला खिळली होती, मी इथून एसटीने तिच्यासाठी खिरीचा डबा घेऊन आले. तिने एक चमचा खाल्ला आणि वाटी बाजूला ठेवली. तेव्हा चार बायकांसमोर तू म्हणालीस, की हिला साधी खीर शिजवता येत नाही, आणि तीही आईची. तिसऱ्या दिवशी आई गेली. माझ्या हातचं तिने शेवटचं खाल्लं ते कच्चे गहू. लोक जमतील, खीर वाढली जाईल, आणि मी पंगतीत मान खाली घालून बसायचं, हे मला जमणार नाही.

ताई, मला खरंच ती खीर येत नाही. शेजारच्या भागीबाईंनी एकदा चाखली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, हाई खीर शे का उसळ शे? पण मी आईच्या कागदाबाहेर एक पाऊल टाकत नाही गं. मूळ कागद देणार नाही, तो माझा आहे. जशीच्या तशी नक्कल करतेय. फ्रेम करायची तर ही कर:

गहू रात्री भिजू घाल. सकाळी पाटावर निथळून उखळात कांड, कोंडा पाखड. दुप्पट पाण्यात दोन भोंगे होऊ दे. मग गूळ, खोबरं, विलायची. दूध खाली उतरवल्यावर.

एवढंच आहे. मी कुकरच्या दोन शिट्ट्या करते. तीनही करून पाहिल्या. आईने शिट्टीला माझाच लहानपणचा शब्द लिहिला म्हणून मला या कागदाचं फार अप्रूप वाटायचं. आता तेही वाटेनासं झालंय.

कळावे. लोभ होता तेवढा असू द्यावा.

अंजली

*

अंबड, नाशिक
२३ मार्च २०२५

चि. अंजू,

जयभीम. आशीर्वाद वगैरे नंतर.

तुझं पत्र ओट्यापाशी उभी राहून वाचलं आणि तिथेच खाली बसले. नवनाथला वाटलं, रंगाच्या वासाने चक्कर आली. त्याने पंखा लावला.

अगं वेडे, तो भोंगा कुकरचा नाही. तो कंपनीचा.

तू लहानपणी कुकरच्या शिट्टीला भोंगा म्हणायचीस आणि शिट्टी झाली की माझ्या परकरामागे लपायचीस. सगळी गल्ली तुला चिडवायची. पण तो शब्द तू आणलास कुठून? बाबांच्या कंपनीचा भोंगा वाजायचा, तो तू पाळण्यात ऐकलास. तुला तो आठवायचा नाही, तू बालवाडीत असताना कंपनी बंद पडली. दुपारी अडीचला पहिला भोंगा, दुसऱ्या पाळीच्या लोकांनी निघावं म्हणून. तीनला दुसरा, पाळी बदलल्याचा. आपल्या घरात तेव्हा घड्याळ होतं, पण ते आईला वाचता येत नव्हतं. पहिल्या भोंग्याला ती गहू चुलीवर चढवायची, दुसऱ्याला उतरवायची. बाबा सायकल लावेपर्यंत खीर ताटात. दोन भोंगे म्हणजे अर्धा तास, उघड्या पातेल्यात, पळी न सोडता.

तुझ्या लग्नापर्यंत ती कंपनी बंद पडून सतरा वर्षं झाली होती. तरी तिने तेच लिहिलं. तिच्या डोक्यात तो वाजतच असणार.

आता पुढचं लिहिते, ते लिहायला मला दोन दिवस लागले. त्या दिवशी तू रागाने निघून गेलीस, आणि संध्याकाळी आईने तुझा डबा परत मागितला. मी दुधात कालवून दिली. गहू चावेना, तर तिने नुसता रस चोखला, सगळी वाटी. आणि म्हणाली, की अंजीने भोंग्याच्या आधीच उतरवली वाटतं. मला वाटलं, तापात बरळतेय.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. कारण सकाळी मी केलेली पेज तिने तोंडातसुद्धा घेतली नव्हती. तीन वर्षं मी तिचं सगळं केलं, आणि तिला हवी होती तुझी कच्ची खीर. मला हेवा वाटला अंजू. बहिणीचा हेवा, मरणाच्या दारात असलेल्या आईपायी. नंतर ती गेली, आणि मग हे सांगायचं कोणत्या तोंडाने, म्हणून राहिलं ते राहिलं. तू चुकली नव्हतीस. चुकले ती मी.

ये म्हणत नाही. तो हक्क माझ्याकडे उरलाय की नाही, ते तू ठरव.

तुझी,
ताई

*

सटाणा
५ एप्रिल २०२५

ती. ताईस,

सविनय जयभीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी मला तुझा राग आला, तो आठवडाभर पुरला. एक वर्ष तू मला त्या एका चमच्यावर ठेवलंस. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच तो चमचा आठवायचा आणि खडू थांबायचा. हे तुला माहीत असावं म्हणून लिहितेय, भांडायला नाही.

मग थोडं वाईटही वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते, की आईने माझा बोबडा शब्द जपून ठेवला. तो तर कंपनीचा निघाला. प्रफुल्ल म्हणाले, शब्द तुम्हा दोघींनाही एकाच भोंग्याने दिला, मग कुणाचा कसला? हिशेबनीस माणूस, पण कधीकधी बरं बोलतो.

काल गहू भिजवले. आज दुपारी बरोबर अडीचला पातेलं चढवलं आणि तीनपर्यंत पळी हलवत उभी राहिले. हात भरून आला. गहू बोटाने चेपला तर लोणी. भागीबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मी मात्र पहिल्या घासालाच रडले. चव आईचीच आहे ताई. ती लग्नापासून माझ्या कपाटात होती.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी येतेय. साक्षीही आहे, मुक्कामाला. तोरण हातानेच आणते. खीर मी करणार, तू पळीला हात लावायचा नाहीस. फार तर बाजूला उभी राहा.

मूळ कागदही आणतेय, तुझ्या पिस्ता भिंतीसाठी. एकच अट आहे. खाली बारीक अक्षरात अर्धा तास असं काही लिहायचं नाही. ज्याला कळणार नाही त्याने विचारावं.

लोभ आहे, आणि त्याला नीट शिजू द्यावं.

तुझी,
अंजू

*

अंबड, नाशिक
२७ एप्रिल २०२५

चि. अंजूस,

सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

सुखरूप पोहोचल्याचा निरोप साक्षीने दिला. तू डबा इथेच विसरलीस. तो मी मुद्दाम परत पाठवणार नाही, न्यायला ये.

तोरण अजून दारालाच आहे. हिरव्या काठाखाली तू लावलेलं अस्तर कुणालाच ओळखू आलं नाही. बायका अजून खिरीबद्दल बोलतात. मी कुणाकुणाला सांगितलं, की अंजलीने केली. ज्या चौघींसमोर मी तुला बोलले होते, त्यांच्या घरी वाटी घेऊन मुद्दाम गेले आणि त्यांना जे झालं ते सांगितलं. एक म्हणाली, आम्ही तर विसरलो होतो. मी म्हटलं, आम्ही नव्हतो विसरलो.

कोंडाजीमामांची सून त्या दिवशी भिंतीवरचा कागद वाचत उभी होती आणि तिने विचारलं, की हे भोंगे म्हणजे काय. तेव्हा आपण दोघी एकदम बोलायला लागलो. मी कंपनीचं सांगत होते आणि तू कुकरचं. तिला काडीचंही कळलं नाही. मला मात्र किती दिवसांनी बरं वाटलं.

काल वरणाचा कुकर लावून मी मागे कपडे वाळत घालत होते. तिथूनच तुझ्या दाजींना ओरडून विचारलं, किती भोंगे झाले. ते म्हणाले, तीन, आणि त्यांनी उठून गॅस बंद केला.

बाकी क्षेम. लोभ उतू गेला तरी चालेल, ओटा मी पुसेन.

तुझी,
ताई